खोक्यातले राक्षस आणि डब्यातली जनावरे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेले भाषण)



या व्याख्यानमालेत मी बोलावे असे कार्यवाहांनी सुचविले, तेव्हा त्यांची अपेक्षा अशी असावी की, निवृत्त शिक्षिका या नात्याने मी संतवाङ्मयावर, निदान मातृभाषेच्या भवितव्यावर काही बोलेन. मी विषय सांगितला तो असा : अमेरिकेत न्याहारीच्या खोक्यांतून पूर्वी निघत असलेली राक्षसांची खेळणी आणि ती जमविणारी माणसे. दूरध्वनीवर क्षणभर शांतता पसरली. मग त्यांनी मोठ्या सौजन्याने विचारले, "बाई, विषय पक्का ना?" विषय पक्का होता. तो का, हे शेवटापर्यंत आपल्या ध्यानी येईल; न आल्यास दोष विषयाचा नव्हे, वक्त्याचा समजावा.

आरंभ एका कबुलीने करते. १९७६ साली माझ्या यजमानांची बदली मद्रासजवळच्या आवडीहून येथे, कानपूरला झाली. संरक्षण खात्याच्या कारखान्यांत ज्यांची हयात गेली त्यांना बदली म्हणजे काय हे सांगायला नको. लाकडी खोकी, गोणपाट, सुतळी आणि 'हे न्यायचे की टाकायचे' हा दिवसातून शंभर वेळा पडणारा प्रश्न. आमचा थोरला मुलगा तेव्हा नऊ वर्षांचा होता. त्याच्याजवळ बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता आणि त्या डब्यात बिनाका टूथपेस्टच्या खोक्यांतून निघालेली प्लॅस्टिकची चिमुकली, रंगीबेरंगी जनावरे होती. आपल्यापैकी ज्यांनी साठी ओलांडली आहे त्यांना ती आठवत असतील. रेडिओ सिलोनवर १९५२ पासून अमीन सायानींची 'बिनाका गीतमाला' मोठ्या माणसांना वेड लावीत होती आणि तीच बिनाका खोक्यातल्या जनावरांनी घरातल्या मुलांना वश करीत होती. नळी संपण्याच्या आधीच ती दाबून दाबून संपविण्याचा उद्योग आमच्याही घरी चाले.

सामान बांधण्याच्या धांदलीत, मुलगा शाळेत गेला असता, तो डबा मी रद्दीबरोबर भंगारवाल्याच्या तराजूत ठेवला. गाडी नागपूरला थांबली तेव्हा त्याने विचारले, "आई, माझा डबा कोणत्या खोक्यात आहे?" मी म्हटले, "असेल सामानात." कानपूरला पोहोचल्यावर त्याने एकूण एक खोके उघडून पाहिले. पुढे तो विषय घरात कधी निघाला नाही. मीही काढला नाही.

हा मुलगा १९९१ साली अमेरिकेस गेला आणि तेथेच स्थायिक झाला. २००३ साली मी प्रथम त्याच्या घरी, मिनिआपोलिसला गेले. घराच्या तळघरात काचेचे एक कपाट होते. त्यात मला वाटले देव असतील. जवळ जाऊन पाहते तो ओळीने राक्षस मांडलेले! अंगठ्याएवढे, गुलाबी, निळे, तपकिरी. कोणाचे दात बाहेर आलेले, कोणाच्या कपाळावर टाके. पेन्सिलीच्या टोकाला बसविण्याचे मुखवटे, अंगठ्या, खोडरबरे. छत्तीस वर्षांचा, दोन मुलांचा बाप असलेला माझा मुलगा एकेक उचलून मला त्याची कुळकथा सांगू लागला. मला प्रथम संताप आला, मग हसू आले आणि मग जे वाटले ते पुढे सांगेन. आधी ही कुळकथाच ऐका, कारण ती खरोखरी रंजक आहे.

मिशिगन राज्यातील बॅटल क्रीक येथे विल कीथ केलॉग यांनी १९०६ साली मक्याच्या पोह्यांचा कारखाना काढला. १९०९ साली त्यांनी एक युक्ती योजली : जो दोन खोकी घेईल त्याला दुकानातच एक चित्रपुस्तिका भेट. तिचे नाव 'फनी जंगललँड मूव्हिंग पिक्चर्स'. पुस्तिकेची पाने आडवी कापलेली असत. पट्ट्या उलटल्या की एका प्राण्याचे डोके दुसऱ्याच्या धडावर आणि तिसऱ्याच्या पायांवर बसे. म्हणजे न्याहारीबरोबर मिळालेल्या या पहिल्याच बक्षिसांत मुलांच्या हाती राक्षस घडविण्याचे यंत्र दिले गेले होते, असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही.

यानंतर बक्षिसांची जी परंपरा चालू झाली ती पाहून मन थक्क होते. १९४७ साली किक्स नावाच्या न्याहारीच्या खोक्याचे झाकण आणि पंधरा सेंट पाठविले की 'अणुबाँबची अंगठी' घरी येई. तिच्यात पोलोनियम या किरणोत्सारी द्रव्याचा अत्यल्प अंश असे आणि अंधारात डोळा लावला की आत ठिणग्या चमकताना दिसत. हिरोशिमाला तेव्हा दोनच वर्षे झाली होती. १९५४ साली केलॉगच्या खोक्यांतून खायच्या सोड्यासारख्या बेकिंग पावडरीवर चालणाऱ्या पाणबुड्या आल्या. पाण्याच्या टबात त्या आपोआप बुडत आणि वर येत.

१९५५ सालची गोष्ट तर आपण परगावी राहणाऱ्यांनी विशेष ऐकण्यासारखी आहे. क्वेकर ओट्स कंपनीने कॅनडातील युकॉन प्रदेशात सुमारे एकोणीस एकर जमीन घेतली आणि खोक्याखोक्यांतून तिची एक-एक चौरस इंचाची खरेदीखते वाटली. अशी दोन कोटी दहा लक्ष खते निघाली. १९६५ साली अवघ्या सदतीस डॉलर वीस सेंट कराच्या थकबाकीपोटी ती जमीन सरकारजमा झाली. परंतु लोकांनी ती कागदपत्रे टाकली नाहीत. आमच्या जमिनीचे काय झाले, अशी विचारणा करणारी पत्रे पुढे कित्येक वर्षे येत राहिली. कोकणातल्या किंवा वऱ्हाडातल्या एखाद्या पडक्या वाड्याच्या बाराव्या हिश्शाचा कागद पेटीच्या तळाशी जपणाऱ्या आपल्यापैकी कोणी या लोकांना हसू नये.

आता राक्षसांकडे वळू. १९३१ साली हॉलिवूडच्या युनिव्हर्सल कंपनीने 'ड्रॅक्युला' आणि 'फ्रँकेन्स्टाइन' हे दोन चित्रपट काढले. मोठी माणसे ते पाहून घाबरली. १९५७ साली हेच जुने भयपट दूरचित्रवाणीवर दाखविण्यासाठी विकले गेले आणि नवी पिढी ते घरच्या दिवाणखान्यात, गादीवर लोळत पाहू लागली. आता भय उरले नाही. जवळीक निर्माण झाली. १९५८ साली राक्षसांना वाहिलेले मासिक निघाले, १९६० नंतर राक्षसांचे जोडून करण्याचे प्लॅस्टिकचे पुतळे निघाले. या लाटेवर स्वार होऊन मिनिआपोलिसच्याच जनरल मिल्स कंपनीने १९७१ साली दोन न्याहाऱ्या बाजारात आणल्या : चॉकलेटच्या चवीची 'काउंट चॉक्युला' आणि स्ट्रॉबेरीच्या चवीची 'फ्रँकन बेरी'. जाहिरातीत हे दोघे 'माझीच न्याहारी उत्तम' म्हणून भांडत आणि एखादे लहान मूल दिसले की दोघेही घाबरून पळत. त्यांचे आवाज बेला लुगोसी आणि बोरिस कार्लोफ या जुन्या नटांच्या धाटणीवर बेतलेले होते. १९७३ साली 'बू बेरी' हे निळे भूत आले, त्यानंतर 'फ्रूट ब्रूट' हा लांडगा-मानव आणि १९८७ च्या सुमारास 'यमी ममी'. २०२३ साली या कुटुंबात 'कार्मेला क्रीपर' नावाची एक कन्याही दाखल झाली. मूळ मंडळी २०१० पासून वर्षभर मिळत नाहीत. हॅलोविन या भुतांच्या सणाच्या दिवसांतच ती दुकानांत अवतरतात.

सभेत सांगावे की न सांगावे अशी एक हकीकत आहे. पण शिक्षिकेला असला संकोच शोभत नाही. फ्रँकन बेरीतला लाल रंग प्रारंभी असा होता की तो पचत नसे. परिणामी ती खाल्लेल्या मुलांच्या आया दुसऱ्या दिवशी सकाळी घाबरून डॉक्टरांकडे धावत. एका बारा वर्षांच्या मुलाला तर पोटात रक्तस्राव होत असल्याच्या शंकेने रुग्णालयात ठेवावे लागले. १९७२ साली बालरोगशास्त्राच्या एका नियतकालिकात या प्रकारावर रीतसर निबंध छापून आला. रोग नव्हताच, राक्षसाने आपली खूण तेवढी ठेवली होती.

येथे मला आपल्याकडची एक गोष्ट आठवते. "खा, नाहीतर बागुलबुवा येईल," असे म्हणत आपल्या किती पिढ्यांनी मुलांना घास भरविले! आपला बागुलबुवा दाराबाहेर उभा असे आणि त्याच्या भीतीने भाताचा घास पोटात जाई. अमेरिकन व्यापाऱ्याने त्याच बागुलबुवाला दार उघडून आत घेतले, त्याला गुलाबी रंग दिला आणि त्याच्याच हातात वाटी दिली. बागुलबुवा येणार म्हणून मूल खाऊ लागले! व्यापारी बुद्धीचा हा विजय आहे हे खरे. पण भीतीला खेळणे करून खिशात ठेवण्याचा आनंद त्या मुलांना मिळाला, हेही तितकेच खरे.

अशी खेळणी केवळ अमेरिकेतच झाली असे नाही. ऑस्ट्रेलियात मेलबर्न येथे रोझेनहेन अँड लिपमन नावाची कंपनी केलॉगसाठी खोक्यातली खेळणी बनवीत असे. संग्राहक तिला 'आर अँड एल' म्हणतात. १९६८ साली तिने 'क्रेटर क्रिटर्स' काढले. चंद्रावरच्या विवरांतून वर यावेत असे ते विचित्र, गोजिरवाणे जीव. पुढच्याच वर्षी माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा कित्येक मुलांच्या खिशांत चंद्रावरचे रहिवासी आधीच येऊन बसले होते.

हे सारे हळूहळू का ओसरले? एक तर लहान वस्तू घशात अडकून मुले गुदमरण्याचा धोका. अमेरिकेत तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांत बारीक भाग असू नयेत असा नियम १९८० च्या आरंभी अमलात आला, आणि खोके घरात आले की ते कोणत्या वयाच्या मुलाच्या हाती पडेल हे कोणी सांगावे? शिवाय खर्च वाढत गेला आणि मुलांची नजर पडद्यावरच्या खेळांकडे वळली. आपल्याकडे केलॉग कंपनी १९९४ साली आली, तळोजाला तिचा कारखाना निघाला. पण तोवर त्या राक्षसांचा सुवर्णकाळ सरला होता. आपली बिनाकाही 'सिबाका' झाली आणि जनावरे गेली ती गेलीच.

ही खेळणी जमविणे हे एक शास्त्र आहे, हे मला त्या तळघरात कळले. मऊ प्लॅस्टिकचे खेळणे आणि कडक प्लॅस्टिकचे खेळणे एकत्र ठेवू नये. मऊ प्लॅस्टिकला कालांतराने चिकट घाम सुटतो आणि तो कडक प्लॅस्टिक खाऊन टाकतो. ऊन लागू देऊ नये. रंग उडतो, पांढरे पिवळे पडते आणि नाजूक भाग ठिसूळ होतात. नकली वस्तू ओळखण्याची खूण अशी की, जुन्या खेळण्यावरून साचा घेऊन नवे ओतले तर ते किंचित लहान भरते आणि त्याच्या कडा बोथट असतात. म्हणून संग्राहकाच्या खिशात मोजपट्टी असते. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे नोंद. प्रत्येक वस्तूखाली मुलाने चिठ्ठी ठेवली होती : कोठे मिळाली, कोणाकडून, कोणत्या साली. "आई, चिठ्ठी नसेल तर हा नुसता प्लॅस्टिकचा तुकडा आहे," तो म्हणाला.

मी त्याला विचारले, "अरे, पण हे तुझे बालपण नव्हे. तू लहानपणी हे राक्षस पाहिलेसुद्धा नाहीस. मग हा खटाटोप कशासाठी?" तो म्हणाला, "येथे आलो तेव्हा बरोबरीच्या लोकांशी बोलायला विषय नसे. त्यांच्या लहानपणी काय होते ते मला ठाऊक नव्हते, माझ्या लहानपणी काय होते ते त्यांना. एकदा एका जुन्या बाजारात हा काउंट मिळाला. कचेरीत टेबलावर ठेवला. चार जण थांबले, आपापल्या घरच्या गोष्टी सांगू लागले. मग मी त्यांना बिनाकाची सांगितली."

तेव्हा मला राहवले नाही. सत्तावीस वर्षे गिळलेला शब्द बाहेर आला. मी म्हटले, "तुझा डबा हरवला नव्हता. मी टाकला." तो कपाट बंद करीत होता. वळून न पाहताच म्हणाला, "ठाऊक आहे. नागपूरलाच कळले होते." मग थोडे थांबून म्हणाला, "त्यात काय आई! सगळ्याच आयांनी टाकले. म्हणून तर जे उरले त्याला मोल आले."

त्याने हे हसत हसत म्हटले. पण मला त्या रात्री झोप आली नाही. संग्राहकांच्या जगाचा तो एक नियमच आहे. जे मौल्यवान म्हणून जपले जाते ते पुढे मुबलक असते. जे क्षुद्र म्हणून प्रत्येक घराने टाकले तेच दुर्मिळ होते. मी त्याला पुण्याहून करवून आणलेली चांदीची वाटी, मुंजीतले भिकबाळीचे मोती, सारे जपले होते. ते सारे सुखरूप आहे. त्याने कधी त्याची चौकशी केली नाही.

आता मी आपल्या मंडळाकडे येते. १९७६ साली आम्ही येथे आलो तेव्हा मंडळाचे दुसरे वर्ष चालू होते. यंदा सुवर्णमहोत्सवानिमित्त सभागृहाची डागडुजी निघाली आणि भांडारघरातील तीन ट्रंका रद्दीत काढाव्यात असे ठरत असल्याचे कानी आले. कार्यकारिणीला मी नावे ठेवीत नाही. जागा थोडी आहे आणि मीही एकेकाळी हेच केले आहे. पण गेल्या महिन्यात मी परवानगी काढून त्या ट्रंका उघडल्या. आत काय आहे? गणेशोत्सवाच्या सायक्लोस्टाइल केलेल्या कार्यक्रमपत्रिका. नाटकांतल्या पुठ्ठ्याच्या तलवारी. हळदीकुंकवाच्या खर्चाचे हिशेब, त्यात तिळाचे तेव्हाचे भाव. रविवारच्या बालवर्गाची हजेरीपत्रके. आणि हस्तलिखित वार्षिकांकांचे सोळा गठ्ठे, काहींना वाळवी लागलेली.

१९७८ च्या अंकात बालविभाग आहे. त्यात माझ्या मुलाचा, तेव्हा तो अकरा वर्षांचा होता, दहा ओळींचा निबंध आहे. शीर्षक, 'माझा डबा'. त्यात जनावरांची यादी आहे. सोंड चावलेला पिवळा हत्ती, दोन हरणे, एक उंट, बहिणीशी अदलाबदल करून मिळविलेला अस्वल. शेवटची ओळ अशी आहे की, डबा प्रवासात हरवला, आई म्हणते सापडेल.

बंधुभगिनींनो, त्या वर्षी तो अंक माझ्या हाती आला असेलच. मी शिक्षिका, शुद्धलेखनही तपासले असेल. पण ती ओळ मला तेव्हा दिसली नाही. खरे त्याला नागपूरलाच कळले होते. तरी अकरा वर्षांच्या मुलाने चार लोकांच्या समोर आईला सांभाळून घेतले होते. हे मला सत्तेचाळीस वर्षांनी, वाळवीच्या तोंडून वाचलेल्या एका पानावर समजले. त्या पानाचे छायाचित्र काढून मी त्याला पाठविले. त्याचे उत्तर एका ओळीचे होते : "हत्ती पिवळा नव्हता, नारिंगी होता, तेव्हा मला तो शब्द येत नव्हता."

बालवर्गाचा प्रपंच आपण का मांडला होता, याचे इतके नेमके उत्तर मला पन्नास वर्षांत कोणी दिले नव्हते.

सारेच जपता येत नाही, हे मी जाणते. ज्यांची बिऱ्हाडे पाठीवर असतात त्यांना टाकावेच लागते. पण काय टाकायचे हे ज्याचे त्याला विचारून टाकावे, आणि जे ठेवायचे त्याच्याखाली चिठ्ठी ठेवावी, एवढे तर आपल्या हाती आहे. म्हणून या व्यासपीठावरून कार्यकारिणीकडे माझे एकच मागणे आहे. नव्या सभागृहात एक कपाट द्यावे, काचेचे नसले तरी चालेल. ट्रंका मला द्याव्यात. दर रविवारी दहा ते बारा मी येथे बसेन आणि एकेका कागदावर नाव, साल आणि हकीकत लिहीन. माझे वय पाहता हे काम मजकडून पुरे होणार नाही. म्हणून दोन तरुण हात हवे आहेत. मराठी वाचता येत असल्यास उत्तम. येत नसल्यास शेजारी बसावे, मी शिकवीन.

आणि कोणाच्या घरी, एखाद्या जुन्या डब्यात, सोंड चावलेला नारिंगी हत्ती निघालाच, तर कृपा करून तो टाकू नये. मजकडे आणून द्यावा.